स्नायूंचे दुखणे आणि बंद केलेली गोळी

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ वर्गातील गोळ्या आज साठी ओलांडलेल्या अनेक श्रावक-श्राविकांच्या नित्यक्रमात आहेत. त्या गोळीने अंग दुखते, ही तक्रारही तितकीच परिचित आहे. तक्रार खोटी नसते. परंतु तिच्यावर घरोघरी योजिला जाणारा उपाय, म्हणजे कोणासही न सांगता गोळी बंद करणे, हा दुखण्याहून अधिक घातक ठरू शकतो.

सांगलीकडील एक निवृत्त मुख्याध्यापक. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवून दोन वर्षे झालेली. मात्रा वाढविल्यावर काही आठवड्यांतच दोन्ही मांड्या दुखू लागल्या. मंदिराच्या पायऱ्या जड झाल्या, वंदना करून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. दशलक्षण पर्वात उपवासांच्या निमित्ताने गोळी सुटली, बरे वाटले, आणि ती सुटली ती सुटलीच. कार्तिकात तपासणी झाली तेव्हा एलडीएल दुपटीहून अधिक वाढलेले निघाले. सुनेने औषधाचा डबा पाहिला आणि विचारले, “आप्पा, गोळ्या तशाच कशा?” ते म्हणाले, “पायच राहिले नाहीत, तर दर्शनाला जाऊ कसा?”

या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. डॉक्टरांनी ते तपासण्यांनी दिले. स्नायूंची इजा दर्शविणारे सीके, थायरॉइड व ड जीवनसत्त्व या रक्तातील तीन गोष्टी पाहिल्या. सीके मर्यादेत होते, ड जीवनसत्त्व मात्र फारच कमी. त्याची कमतरता किंवा मंदावलेले थायरॉइड यांनीही स्नायू दुखतात, आणि दोष एकट्या गोळीच्या खात्यावर जमा होतो. पुढे ती भरपाई झाली, दुसरे स्टॅटिन अल्प मात्रेत सुरू झाले, जोडीला एझेटिमाइब आले. एलडीएल खाली आले. मांड्या अजूनही अधूनमधून दुखतात, पण पायऱ्या चढता येतात.

भीतीचा वाटाही लहान नसतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी निरौषधी गोळी आणि चार महिने रिकामी बाटली, असे आलटूनपालटून दिले. खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास निरौषधी गोळीनेही झाला. वेदना कल्पित होत्या असा याचा अर्थ नव्हे. त्या खऱ्याच होत्या, कारण निराळे होते. हे आकडे दाखविल्यावर त्यांतील निम्म्या जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तथापि प्रत्येक दुखणे मनाचे म्हणून झटकणे हाही अन्यायच. सेरिव्हास्टॅटिन हे याच वर्गातील औषध स्नायूंच्या गंभीर नाशामुळे २००१ साली बाजारातून मागे घ्यावे लागले होते. तसा प्रकार आज अत्यंत विरळ आहे. पण तीव्र वेदना, अशक्तपणा आणि चहासारखी गडद लघवी दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेताना स्टॅटिन चालू असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. सिम्व्हास्टॅटिनच्या बाबतीत ही जोडी वर्ज्यच आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. ‘रात्री झोपताना’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असते आणि सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम असतो. अल्पकाळ टिकणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनसाठी रात्रीची वेळ महत्त्वाची. अटॉर्वास्टॅटिन व रोसुवास्टॅटिन मात्र दिवसा कोणत्याही ठरावीक वेळी चालतात. त्यामुळे नियम आणि औषध यांत विरोध उरत नाही, डॉक्टरांना तेवढे स्पष्ट विचारावे लागते. निर्जल उपवासाचे मात्र आधीच बोलून ठेवावे. ड जीवनसत्त्वाच्या अनेक कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. मुख्याध्यापकांनी ते वाचून कॅप्सूल परत केली होती. औषधविक्रेत्याने जिलेटिनविरहित पर्याय दोन दिवसांत मागवून दिला.