आठ दिवस, दोन शहरं

“ताई, रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान. जमलं तर स्वित्झर्लंडची एक चक्कर. सुट्टी आठ दिवस आहे, मुलं नववीत आणि अकरावीत.”

वार्षिक परीक्षा संपत आल्या की असे फोन सुरू होतात, आणि गणपती उठले की पुन्हा. गेली अठरा वर्षं मी पुण्यात बसून लोकांच्या युरोपच्या सहली आखते. मोठ्या बसचे ग्रुप मी करत नाही. माझ्याकडे बहुतेक चौकोनी कुटुंबं येतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत तेरा ते सतरा वयाची मुलं असतात. दहावीच्या आधी एकदा किंवा बारावीच्या कोंडीत सापडण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून कुठेतरी जावं, अशी या आईवडिलांची ओढ असते. ती ओढ मला पूर्ण कळते. मूल अठरा वर्षांचं झालं की ते आपल्याबरोबर आठ दिवस सलग येईल याची खात्री राहत नाही. म्हणूनच या आठ दिवसांची उधळपट्टी झालेली मला बघवत नाही.

आधी दिवस मोजू. शनिवारी रात्री मुंबईहून निघालात, आखाती देशात विमान बदललंत, तर रविवारी दुपारी रोमला उतराल. इमिग्रेशन, सामान आणि शहरात पोचणं यात संध्याकाळ होते. परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास आधी जायचं, म्हणजे तोही दिवस गेला. आठातले राहिले सहा. आता शहर बदलण्याचा हिशेब. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास लागतो, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. कागदावर हे आकडे फार लोभस दिसतात. पण त्या दीड तासाच्या मागेपुढे बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नवीन हॉटेल शोधणं आणि खोली तीन वाजता मिळणार म्हणून बॅगा ठेवून भटकणं असतं. एक शहर बदललं की अर्धा दिवस खर्ची पडतो. पाच शहरं म्हणजे चार बदल, म्हणजे दोन दिवस. हातात राहतात चार दिवस आणि पाच शहरं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2011 साली मी माझ्याच घरच्यांना सात दिवसांत पाच शहरं दाखवली. मुलगी चौदा वर्षांची होती, मुलगा अकराचा. शेवटच्या दिवशी व्हेनिसमध्ये वॉटरबसच्या धक्क्यावरच्या बाकावर मुलगी बसली आणि म्हणाली, “आई, मला आता काहीच बघायचं नाहीये.” तिचा आवाज रागाचा नव्हता, नुसता थकलेला होता. आज ती नोकरी करते. त्या सहलीतलं तिला काय आठवतं, असं मी मध्यंतरी विचारलं, तेव्हा तिने फ्लॉरेन्समधली एक संध्याकाळ सांगितली. कपडे संपले म्हणून आम्ही नाणी टाकून चालवायच्या लाँड्रीत गेलो होतो. बाहेर पाऊस होता. मशीन फिरत होतं आणि आम्ही चौघं दारातल्या पायरीवर बसून एका खोक्यातला पिझ्झा खात होतो. त्या तासाला काही ठरलेलं नव्हतं. तेव्हापासून मी कुटुंबांच्या सहलीत रिकामे तास मुद्दाम ठेवते आणि त्यासाठी ग्राहकांशी भांडतेही.

माझं मत असं : आठ दिवसांत दोन शहरं. पहिल्यांदा जात असाल तर रोमला चार रात्री आणि फ्लॉरेन्सला तीन. दिवसाला वेळ ठरलेली, तिकीट काढलेली एकच गोष्ट, तीही शक्यतो सकाळी. बाकीचा दिवस पायांवर आणि पोटावर सोडावा.

आठवीच्या पुढची मुलं लहान मुलांसारखी कडेवर घेऊन फिरवता येत नाहीत आणि मोठ्यांसारखी दाक्षिण्य म्हणून सोबतही करत नाहीत. कंटाळा आला की त्यांचा चेहराच बंद होतो. त्यामुळे पहिल्या बैठकीला मी मुलांनाही बोलावते आणि आईवडिलांच्या देखत त्यांनाच आधी विचारते, तुला काय बघायचंय? बहुतेक वेळा उत्तर तयार असतं, ते कुणी विचारलेलं नसतं. एका मुलीला फक्त पॉम्पेई बघायचं होतं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर तिने शाळेच्या प्रकल्पासाठी वाचून काढलं होतं. आम्ही फ्लॉरेन्स काढून टाकलं आणि नेपल्सला तीन रात्री दिल्या. रोमहून नेपल्स सव्वा तासावर आहे आणि तिथून लोकल गाडीने पॉम्पेई आणखी पाऊण तास. वडिलांना पिसाचा मनोरा हवा होता, तो राहिला. परत आल्यावर त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दाने बोल लावला नाही. मुलीने त्यांना पूर्ण दिवस गाईडसारखं फिरवलं होतं.

दुसरा एक मुलगा होता, सोळा वर्षांचा. पहिल्या बैठकीत त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. फ्लॉरेन्सचं नाव निघालं तेव्हा मात्र म्हणाला, “तिथला डोम मी चढलोय.” तो ‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेमबद्दल बोलत होता. त्याचा दुसरा भाग पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्स आणि व्हेनिसमध्ये घडतो. आई ओशाळली. मला फार आनंद झाला, कारण त्या सहलीची किल्ली हाती लागली होती. त्या मुलाला 1478 साली तिथल्या कॅथीड्रलमध्ये, फ्लॉरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोन भावांवर हल्ला झाला, त्यात जुलियानो मारला गेला आणि लोरेन्झो वाचला, हे माहीत होतं. त्याच जागी उभं राहून त्याने ते आईवडिलांना सांगितलं.

आणि त्या कॅथीड्रलचा डोम तो खरोखर चढला. 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने 1420 ते 1436 या काळात हा घुमट आधाराच्या पूर्ण लाकडी सांगाड्याविना उभा केला. त्याला दोन कवचं आहेत, एकात एक, आणि जिना त्या दोहोंच्या मधून वर जातो. चढताना भिंत आपल्या अंगावर झुकत येते आणि विटा कशा तिरप्या गुंफल्या आहेत ते हाताशी दिसतं. इंजिनिअरिंगकडे ओढा असलेल्या मुलाला चित्रांच्या दहा दालनांपेक्षा या जिन्यात जास्त मिळेल. वेळ आधी आरक्षित करावी लागते. गुडघे दुखत असलेल्या आजीआजोबांनी खालच्या चौकात कॉफी घ्यावी.

आता रोमबद्दल थोडं सविस्तर, कारण गडबड तिथेच होते. इटलीचं घड्याळ आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. पुण्यात नऊला उठणारं मूल रोममध्ये पहिल्या दिवशी साडेपाचलाच टक्क जागं असतं. या जागेपणाचा फायदा घ्या. साडेसहाला ट्रेव्ही कारंज्यावर जा. दहानंतर जिथे उभं राहायला जागा नसते तिथे पाण्याचा आवाज ऐकू येतो. तिथून चालत पँथिऑन. ते नऊला उघडतं. छताला मध्यभागी सुमारे नऊ मीटरचं भोक आहे, त्यातून ऊन आत पडतं आणि पाऊसही. लोखंडी सळ्यांशिवाय काँक्रीटचा इतका मोठा घुमट गेल्या एकोणीस शतकांत दुसरा झालेला नाही. दुपारी मुलं पेंगायला लागतील, तेव्हा त्यांना झोपू द्या.

कलोसियमची तिकिटं साधारण तीस दिवस आधी खुली होतात आणि त्यांवर प्रत्येकाचं नाव असतं, पासपोर्टवर आहे तसंच. अठरा वर्षांखालच्यांना इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत आणि पुरातन स्थळांवर प्रवेश फुकट आहे. हे आपल्या मुलांनाही लागू आहे, फक्त युरोपीय मुलांना नव्हे. पण मोफत असलं तरी मुलांचं आरक्षण करावं लागतं. ते विसरून दारात अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. व्हॅटिकन मात्र वेगळं राष्ट्र आहे, तिथे ही सवलत चालत नाही. तिथली संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्समधलं उफ्फिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेलं अकादेमिया ही दोन्ही सोमवारी बंद. ज्यांच्या सहलीत रोमला रविवार आणि फ्लॉरेन्सला सोमवार येतो त्यांचं या दोन नियमांत निम्मं नुकसान होतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं मागे जातात आणि कलोसियम साडेचारलाच बंद होतं. पाचच्या सुमारास अंधार पडतो. हवा मात्र सुखद असते. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, पण दुपारचं ऊन नागपूरकरांनाही जाणवेल असं. रोमच्या रस्त्यांवर अडीच हजारांहून अधिक पिण्याच्या पाण्याचे नळ सतत वाहत असतात. प्रत्येकाच्या हातात बाटली द्या, पाणी विकत घेऊ नका.

खाण्याची काळजी आया फार करतात. शाकाहारी माणसाचं इटलीत उत्तम चालतं, थोडी माहिती हवी. ‘मारिनारा’ पिझ्झा नावावरून समुद्रातला वाटतो, पण त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो एवढंच असतं, चीजही नसतं. उलट निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थात अँकोव्ही नावाचे बारीक मासे निघतात. पार्मेझान आणि पेकोरिनो ही चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पदार्थाने विरजतात. काटेकोर शाकाहारी आणि जैन कुटुंबांना मी हे निघण्याआधीच सांगते. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आधी क्वचित उघडतात. पाच वाजता भूक लागणाऱ्या मुलांसाठी कात्रीने कापून, वजनावर विकला जाणारा पिझ्झा आहे. तिथे मुलांनाच पैसे देऊन पाठवा. बोटाने खुणा करून ती बरोबर आणतात. त्या संध्याकाळी त्यांची चाल बदललेली असते.

खोलीचं सांगायचं तर चौघांसाठी एक खोली सहसा मिळत नाही. दोन खोल्या किंवा छोटा फ्लॅट घ्या. मुलांना दार बंद करता आलं पाहिजे. गाडी भाड्याने घेऊ नका. जुन्या शहरांत परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, बाराच्या पुढच्या मुलांचे बोटांचे ठसे लागतात, प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. यात माझ्या मते उशीर सोडून चूक करण्यासारखं काही नाही.

व्हेनिस वगळल्याचं दुःख लोकांना फार होतं. मलाही ते शहर प्रिय आहे, म्हणूनच ते चार तासांत बघू नका असं म्हणते. दिवसाचे पाहुणे संध्याकाळी निघून जातात, आणि त्यानंतरचं व्हेनिस बघायला तिथे दोन रात्री राहावं लागतं. पुढच्या वेळी जा.

फ्लॉरेन्सला तीन रात्री देण्यामागे आणखी एक कारण आहे. एकदा म्हापशाचं कुटुंब गेलं होतं. मेदिची चॅपेलमधलं रंगीत दगडांचं जडावकाम पाहून त्यांची मुलगी म्हणाली, हे तर आपल्या जुन्या गोव्यातल्यासारखं आहे. तिचं बरोबर होतं. बॉम जेझू बॅसिलिकातला संत फ्रान्सिस झेवियरचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो पाठवला आणि 1698 मध्ये तो गोव्यात उभा राहिला.

आणि शेवटच्या दिवशी, कुठलंही तिकीट न काढता, मी प्रत्येक मराठी कुटुंबाला कॅशिने बागेत पाठवते. आर्नो नदीच्या काठाने ही बाग लांबवर पसरली आहे. तिच्या पार पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे, आपल्याकडच्या संस्थानी छत्र्यांसारखी. खाली कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज यांचा अर्धपुतळा आहे, रंगवलेला, फेट्यासह. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. खास परवानगी घेऊन दोन नद्यांच्या या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. छत्री 1874 मध्ये झाली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. शेजारच्या पुलाला आजही ‘इंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, म्हणतात.

एका कोल्हापूरच्या मुलाने तिथून मला फोटो पाठवला होता. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं : “काकू, हे माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे होते.”

फ्लॉरेन्सला गेलात तर त्या संगमावर जरूर जाऊन या. ट्रामच्या थांब्यापासून बरंच चालावं लागतं. मुलांबरोबर चाला.