माळेगावच्या जत्रेत हाय-फाय

हाय-फायवाल्यांची पंढरी म्हणजे म्युनिक. २००४ पासून २०२५ पर्यंत 'हाय एंड' नावाचं प्रदर्शन तिथे भरत असे. लोक एकेका बंद खोलीत जातात, मऊ खुर्चीवर बसून डोळे मिटतात आणि बाहेर येऊन लिहितात की अमक्या स्पीकरचा आवाज मखमली आहे, तमक्याचा बास जरा सैल आहे. मी हे सगळं गेली कित्येक वर्षं ऑफिसात डबा खाता खाता वाचत आलोय. तिकीट काढून तिकडे जायची ऐपतही नाही आणि तशी गरजही नाही. आमच्याकडे माळेगाव आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेडहून लातूरकडे निघालात की लोहा सोडल्यावर माळेगाव लागतं. खंडोबाची जत्रा, मार्गशीर्षात, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत. घोडे, गाढवं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, कुस्त्या, तमाशे, जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव. आणि या प्रत्येकाचा आपापला स्पीकर. एका माळावर एवढ्या प्रकारच्या सिस्टिम एकाच वेळी वाजताना दुसरीकडे कुठे ऐकायला मिळतील असं मला वाटत नाही. शेजारच्या खोलीतला आवाज आत येतो ही म्युनिकवाल्यांची नेहमीची तक्रार. इथे मुळात खोलीच नाही!

या वेळी अण्णांना, म्हणजे वडिलांना, सोबत नेलं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. जत्रेच्या जादा गाड्या त्यांनी कित्येक वर्षं चालवल्या. जुन्या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या कुशीलाच, त्यात वय, त्यामुळे कानाचं जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी काढून दिलेला आलेख मी जपून ठेवलाय. खालचे स्वर बऱ्यापैकी शाबूत आहेत, १५०० हर्ट्झच्या पुढे मात्र रेघ घाटातल्या रस्त्यासारखी खाली जाते. आता गंमत बघा, बोलण्याचा जोर असतो स्वरांत आणि ते खालच्या पट्टीत. अर्थ कळतो तो मुख्यतः स, त, क, च असल्या व्यंजनांवरून आणि ती बरीचशी २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणून अण्णा "ऐकू येत नाही" असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, "आवाज यायलाय, पण काय म्हणायलेत ते कळंना." कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात आहे. गर्दीत ते सगळंच मोठं करतं म्हणे. तीन वर्षं ते जत्रेलाही आले नव्हते आणि कीर्तनालाही जात नव्हते.

तर परीक्षक अण्णा, लेखनिक मी.

आकाशपाळण्याशेजारी चार बेस, चार टॉप अशी भिंत होती. बेसच्या पेटीत अठरा इंची स्पीकर. माझी पँट फडफडत होती. ताकद प्रचंड, खालचा स्वर खरोखर खोल. घरातला कुठलाही स्पीकर याच्या जवळपास जाणार नाही, हे कबूल करायला हवं. अण्णा म्हणाले, "छातीत हाणायलंय. गाणं कोणतं हाय?" गाणं मलाही पहिल्या कडव्यापर्यंत ओळखता आलं नव्हतं. जोरदार खालचे स्वर वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात. हा कानाचाच स्वभाव आहे. ज्यांच्याकडे वरचं आधीच कमी आहे, त्यांच्या हाती मग काहीच उरत नाही.

मौत का कुआँ सोडून देऊ. तिथे मोटारसायकलचा सायलेन्सर हाच स्पीकर.

तमाशाच्या तंबूत मात्र मी बराच वेळ कान देऊन बसलो. कनातीचं कापड आवाज परत फेकत नाही, त्यामुळे घुमत नाही. आपल्या टाईल्सवाल्या मंगल कार्यालयांपेक्षा ऐकायला ही जागा कितीतरी चांगली. ढोलकीची चाट इतकी कोरडी आणि स्वच्छ की वाटावं शाईवरचं बोट दिसतंय. पण बाईंनी गायला सुरुवात केली आणि ऑपरेटरने माईकला एवढा एको दिला की प्रत्येक शब्दाच्या मागे त्याचीच पोरं धावायला लागली. पूर्वी माईक नसताना मागचे झीलकरी शेवटचा सूर उचलून धरायचे, तोही एक प्रकारचा एकोच. पण तो ओळ संपल्यावर यायचा, शब्दावर नाही. अण्णा तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून अर्धा तास बसले आणि मग उठले.

बाहेर आलो आणि ते एकदम थांबले. "कुणाचं तरी पोरगं हरवलंय. लाल स्वेटर हाय म्हणे."

खांबावर भोंगा होता. तोच, करड्या रंगाचा, पत्र्याचा, ज्याला कोणताही हाय-फायवाला घरात उभा करणार नाही. त्याच्या मागच्या युनिटात एक छोटासा पडदा असतो. पुढचा कर्णा त्या पडद्याची हवेशी नीट गाठ घालून देतो, म्हणून थोड्या वॅटमध्ये आवाज लांब जातो. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली भोंगा जवळजवळ मुका आणि वरही फार नाही. जो काही जोर आहे तो मधल्या पट्ट्यात, म्हणजे नेमका व्यंजनांच्या गावात. कर्कश म्हणतो आपण त्याला. तो कर्कशपणा अण्णांच्या आलेखातला खड्डा बरोबर भरून काढत होता. पोराचं नाव, गाव, स्वेटरचा रंग, सगळं त्यांनी मला सांगितलं.

भोंगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शंभर मीटर पुढे गेलो तर दोन भोंग्यांच्या कात्रीत सापडलो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे लांबचा भोंगा जवळच्यापेक्षा पाव सेकंद मागे. तिथे अण्णाही हरले.

देवळाच्या अंगाला एक वाघ्या-मुरळीची जोडी दिमडी-तुणतुण्यावर गात होती. ना माईक, ना स्पीकर. पाच-सहा हातांवर अण्णा खाली बसले, मुरळीच्या ओठांकडे बघत. मी दोनदा चहा घेऊन आलो तरी ते उठले नव्हते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या गावात चैत्रात सप्ताह असतो. कमिटीने या वर्षी भोंगे काढून भाड्याने बेस-टॉप आणायचं ठरवलंय आणि "तू इंजिनियर हायस, कोणता आणावं सांग" म्हणून मला फोन आला. मी कॉम्प्युटरवाला आहे हे सांगून उपयोग नसतो. सांगितलं की बेस आणूच नका. सभामंडपात फरशी आणि स्लॅब आहे, सगळं घुमेल. छोट्या स्पीकरांच्या उभ्या पट्ट्या मिळतात, त्यांचा आवाज छताकडे कमी जातो. त्या दोन लावा, एक मागे म्हाताऱ्या माणसांच्या कानाच्या उंचीवर, आणि महाराजांच्या माईकचा एको बंद ठेवा. पलीकडून उत्तर आलं, "पण शेजारच्या गावानं चार बेस लावलेत ना." बैठक येत्या रविवारी आहे. मी लातूरहून सकाळच्या गाडीने जातोय, अण्णांचा आलेख सोबत घेऊन.