दारावरील पाटी

पेन्शनींत निघाल्यावर माणसास नसते उद्योग सुचतात, तसा आम्हांसही एक सुचला. दारावरील तीर्थरूपांच्या नांवाची लांकडी पाटी वाळवीनें खाल्ली. धाकटे बंधू म्हणाले, छापील पाटी आणूं. आम्हीं म्हटलें, वडिलांचें नांव आम्ही स्वहस्तें कोरूं. फ्रिजच्या खोक्यांतील जाड थर्मोकोल घेतलें, आठ दिवस खपून अक्षरें कोरलीं, आणि उतावीळपणें त्यांवर फवाऱ्याचा तैलरंग मारला.

पाहतां पाहतां कडा विरघळल्या. आधीं नांव खचलें, मग आडनांव. घरांतलीं मुलें हंसलीं नाहींत, तेंच आम्हांस अधिक लागलें.

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन; तैलरंगांतील थिनर त्यास विरघळवितो, पाण्यांत कालविलेला ॲक्रिलिक रंग मात्र बाधत नाहीं. दुसऱ्या खेपेस पाण्याचाच प्रायमर कुंचल्यानें खांचाखांचांतून लावला. तो पुरता वाळल्यावर दाण्यांमधील फटींत लांबी भरली, बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानें फिरविला आणि प्रायमरचा पुन्हां एक हात दिला. पाठ व कडाही सोडल्या नाहींत, कारण उघडें थर्मोकोल उन्हानें पिवळें पडून भुसभुशीत होतें. मग पाण्याच्याच रंगाचे दोन हात. शाई वाळण्यापूर्वींच पान उलटणाऱ्या किती मुलांचे कान आम्हीं पिळले असतील! दोन हातांमध्यें थांबतांना तीं सारीं आठवलीं.

पाटी आतां दारावर आहे. बंधू येतां जातां म्हणतात, ‘दादा, रकाराचा पाय किंचित् वांकडा आला.’ आला आहे खरा.