पुलाअलीकडे चुकलेला ठेका

कोल्हापूरहून कुरुंदवाड साधारण ५० किलोमीटर. जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी असं करत जायचं आणि पंचगंगेचा पूल ओलांडायचा, की आलंच गाव. जानेवारीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोड वास. शेजारी माझी बारा वर्षांची भाची, आणि आम्ही दोघं बसलो होतो माझ्या लाल, बुटक्या स्पोर्ट्‌स कारमध्ये. गाडीचं वय भाचीच्या दुपटीहून जास्त; पण ऐट अशी, की रस्त्यावरची पोरं हात हलवायची!

शिरोळ सोडलं आणि भाची म्हणाली, "मामा, इंजिनात कुणीतरी दार वाजवतंय. टकटक, टकटक!"

"जुनी गाडी आहे गं, बोलणारच ती," मी म्हणालो.

बालमित्रांनो, मोठी माणसंही कधी कधी ऐकून न ऐकल्यासारखं करतात, बरं का! पूल येईपर्यंत गाडीचा दम गेला. आचके देत देत तिनं आम्हांला कसंबसं पलीकडच्या एका गॅरेजपाशी पोचवलं.

मिस्त्रींनी बॉनेटला कान लावला आणि हात वर केला. "बंद करा, मालक. आता अजिबात चालू करू नका. मी झाकण खोलून बघतो, तवर पोरीला गाव दाखवून आणा."

मग काय, निघालो पायी. कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान. १८५४ मध्ये त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन वाटण्या झाल्या आणि १९४८ मध्ये दोन्ही मुंबई राज्यात विलीन झाल्या. गणेशोत्सवात इथल्या पाच मशिदींत गणपती बसतो, हे ऐकून भाचीचे डोळे मोठे झाले. घाटावर गेलो. जवळच कृष्णा-पंचगंगेचा संगम. सरसेनापती संताजी घोरपडे यांची समाधी लोक इथंच दाखवतात. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते एका आजोबांनी हातानं दाखवलं. आम्ही मान वर करून बघतच राहिलो.

याच गावात १८७२ मध्ये पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. लहानपणी फटाक्यानं त्यांचे डोळे अधू झाले. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. भाची तबला शिकते, त्यामुळे तिला हे नाव माहीत होतं. पण त्यांचं गाव हेच, हे ठाऊक नव्हतं.

परतलो तर मिस्त्रींच्या हातात एक लांब लोखंडी दांडा. त्यावर ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. "हा कॅमशाफ्ट. ह्याचं नाक बघा, सपाट झालंय."

भाचीनं विचारलं, "हा काय करतो, काका?"

"तबल्याचा ठेका धरतो, असं समज," मी मध्येच बोललो. इंजिनाचं काम चार भागांत चालतं. पेट्रोल आणि हवा आत घ्यायची, दाबायची, पेटवायची, धूर बाहेर टाकायचा. आत-बाहेरची दारं म्हणजे व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट फिरला, की त्याचं नाक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या मारतो, तेव्हा कॅमशाफ्टची एक होते. "म्हणजे क्रँक दुगुनीत चालतो!" भाची ओरडली. अगदी बरोबर! क्रँकच्या मिनिटाला ६००० फेऱ्या झाल्या, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. स्पोर्ट्‌स कार अशी वेगात फिरते म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक असतात. त्या कॅमला सतत दाबत असतात. दोघांमध्ये असतो फक्त तेलाचा पातळ थर.

"तेल कधी बदललंत, मालक?"

"दोन वर्षं झाली. गाडी फारशी फिरतच नाही ना..."

"अवो, म्हणूनच तर!"

उभ्या गाडीतलं तेलही जुनं होतं. त्यात ओल धरते, गाळ साचतो. कॅमशाफ्ट इंजिनाच्या डोक्यावर, त्यामुळे गाडी सुरू केली, की त्याच्यापर्यंत तेल सगळ्यांत उशिरा पोचतं. त्याच्या नाकाची वरची कातडी तेवढी कडक असते. ती झिजली, की आतलं मऊ लोखंड भराभर घासतं. शिवाय त्याचा चुरा तेलाबरोबर बेअरिंगांत जातो. म्हणून एका कॅमसाठी सगळं इंजिन खोलावं लागतं.

सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स या कारखान्यात कॅमशाफ्ट बनतात आणि परदेशांतल्या मोटार कंपन्यांनाही जातात. पण माझ्या गाडीचं मॉडेल बंद होऊन जमाना झाला. एका गाडीसाठी कोण साचा करणार? परदेशातून जुना भाग मागवला, तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, झिजलेल्या नाकावर धातू भरून, घासून पुन्हा आकार देणारे कारागीर भेटले. टॅपेट मात्र नवे घ्यावे लागले, कारण झिजलेले टॅपेट दुरुस्त कॅमलाही खातात. घरावरच्या पत्र्यांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात दोन पातेली ठेवायला लागली, आणि बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दीड महिन्यानं गाडी आणायला गेलो. इंजिन सुरू होताच मिस्त्रींनी वेग चढता ठेवला आणि घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं असंच. नव्या कॅमला संथ चालवलं, तर त्याला तेल पुरत नाही."

विसाव्या मिनिटाला भाची बॉनेटपाशी वाकली. "मामा, दार वाजायचं थांबलं!"

येताना वाडीला बासुंदी घेतली. आता गाडीत एक वही असते. त्यात तेल बदलल्याची तारीख भाची लिहिते, तिच्याच अक्षरात. आणि ती "आवाज येतोय" म्हणाली, की मी आधी गाडी बाजूला घेतो.