भंगलेल्या मूर्तीचे काय करावे?

गेल्या वर्षी चैत्र महिन्यात आमच्या हातून एक प्रमाद घडला. शाळेत जाण्याच्या घाईत देवांना स्नान घालीत असता काळ्या पाषाणाची वीतभर उंचीची विठ्ठलमूर्ती ओल्या हातातून निसटली आणि ताम्हनाच्या काठावर आपटून तिचा डावा कोपर निखळला. आमचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत सातारा प्रांत सोडून ग्वाल्हेरीस आले, ते ही मूर्ती उपरण्यात बांधून घेऊन आले, असे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तेव्हा आम्हांस काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

मातोश्रींचे वय आज ब्याऐंशी. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मूर्ती आणि तुटलेला तुकडा धुऊन पुसून खणात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. संध्याकाळी एवढेच म्हणाल्या, "खंडित झालेला देव पूजेत ठेवू नये. वाहत्या पाण्यात सोडायला हवा."

आम्हांस ते पटेना. घराण्याचा एवढा जुना ठेवा नदीत सोडावयाचा? दिवाणखान्यात काचेचे कपाट करून त्यात तो जपावा, असे आम्ही सुचविले. "जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत भंगलेल्याच मूर्ती असतात," असा दाखलाही दिला. त्यावर मातोश्री म्हणाल्या, "मग एकदा दाखव तरी मला."

म्हणून एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन गुजरी महालात गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी उभा असलेला हा महाल राजा मानसिंह तोमराने आपल्या लाडक्या गुजरी राणीसाठी, मृगनयनीसाठी, बांधला. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गर्दे यांनी संस्थानभर हिंडून जमविलेल्या मूर्ती येथे आणल्या आणि १९२२ साली हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. आपल्याच समाजातील एका विद्वानाने उभे केलेले हे काम आहे, याचा आपल्याकडे पुष्कळांना विसर पडला आहे.

ग्यारसपूरची सुप्रसिद्ध शालभंजिका आम्ही प्रथम दाखविली. हात गेलेले, पाय गेलेले, परंतु मुखावरील स्मित हजार वर्षांनंतरही तसेच आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मिलोच्या व्हीनसची आठवण येथे हटकून होते. १८२० साली मेलोस बेटावर सापडलेल्या त्या ग्रीक मूर्तीलाही हात नाहीत, आणि ते नव्याने जोडण्याचा मोह तेथील जाणत्यांनी टाळला. आम्ही हे सांगितले तेव्हा मातोश्री कौतुकाने पाहत होत्या. पण त्यांनी हात जोडले नाहीत. "सुंदर आहे रे, पण ही देवळाच्या भिंतीवरची," त्या म्हणाल्या. "हिला कुणी नैवेद्य दाखवत नसणार."

पुढे पवायाच्या माणिभद्र यक्षासमोर मात्र त्या थबकल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची ही भारदस्त मूर्ती. मस्तक नाही, डाव्या हातात द्रव्याची थैली आहे. खालच्या लेखात राजा शिवनंदीचे नाव आहे आणि माणिभद्राच्या भक्तांच्या एका गोष्ठीने, म्हणजे मंडळाने, मूर्ती स्थापन केल्याचे म्हटले आहे. एका राजाने नव्हे, तर आपल्या गणेशोत्सव मंडळासारख्या चार जणांनी मिळून उभा केलेला हा देव. मस्तक नसलेल्या त्या यक्षाला मातोश्रींनी नमस्कार केला आणि हळूच विचारले, "याची पूजा कधी थांबली असेल?"

चौकातल्या पायरीवर बसून आम्ही त्यांना अन्य देशांची हकिकत सांगू लागलो. मूर्तीत जीव असतो अशी भावना काही केवळ आपलीच नव्हे. प्राचीन इजिप्तमध्ये मूर्तिकाराला जो शब्द होता त्याचा अर्थच 'जिवंत ठेवणारा' असा होई. मूर्ती घडल्यावर तिचे 'मुख उघडण्याचा' विधी होत असे. आपल्या प्राणप्रतिष्ठेचीच ती बहीण म्हणावी. पुजारी रोज पहाटे गाभारा उघडून देवाला स्नान घाली, वस्त्रे नेसवी, अन्न दाखवी. मूर्तीत प्राण आहे असे मानले की ती फोडणे हाही एक मोठा आघात ठरतो. हत्शेप्सुत या राणीच्या मूर्ती तिच्या मागून तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीत फोडून पुरून टाकण्यात आल्या. १९२० नंतरच्या दशकात उत्खननात त्यांचे तुकडे मिळाले आणि ते जुळवून त्यांतील कित्येक आज संग्रहालयांत उभ्या आहेत.

ग्रीकांची गोष्ट आपल्याला वेगळ्या रीतीने शिकविली जाते. त्यांनी मानवी देहाचे सौष्ठव दगडात आणले, हे खरेच आहे. परंतु अथेन्समध्ये ज्या देवीची खरी भक्ती होती ती फिडियसची सोन्या-हस्तिदंताची भव्य अथीना नव्हे, तर एक जुनी लाकडी मूर्ती होती. वर्षातून एकदा तिची वस्त्रे उतरवून तिला स्नान घालण्याचा सण असे आणि तिच्यासाठी अथेन्सच्या मुली व स्त्रिया नवे वस्त्र विणीत. पंढरीच्या विठोबाला पोशाख करणाऱ्यांना यात परके ते काय वाटावे?

मातोश्री लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "आता त्या देवांना आंघोळ कोण घालतं?"

"कुणीच नाही," आम्ही म्हणालो. "रोमन बादशहा थिओडोसियसने ३९१-३९२ मध्ये ती जुनी उपासना कायद्याने बंद केली. नाईलच्या काठचे फिलीचे देऊळ तेवढे तग धरून होते. तेही सहाव्या शतकात बंद झाले."

"म्हणूनच ते काचेत आहेत," मातोश्री म्हणाल्या.

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे विद्यार्थ्यांना या संग्रहालयात आणले, राजवंश आणि सनावळ्या सांगितल्या. पण देवघरातली मूर्ती आणि संग्रहालयातली मूर्ती यांच्यातले अंतर असे कधी आमच्या ध्यानात आले नव्हते. सेवा करणारे हात थांबले की मग जतन करणारे हात पुढे येतात. त्यांचेही ऋण मोठे आहे. गर्द्यांसारखी माणसे नसती तर तो यक्ष आज आम्हांला भेटलाच नसता. परंतु ज्या घरात सेवा चालू आहे, तेथे देवाला काचेत बसविणे म्हणजे ती थांबली असे आपल्याच हाताने लिहून देणे होय.

तरीही मन तुटत नव्हते. परतताना मोटार मुद्दाम उरवाईच्या घाटाने घेतली. येथे डोंगराच्या कड्यातच पंधराव्या शतकातील तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरलेल्या आहेत. आदिनाथांची मूर्ती तर सुमारे सत्तावन्न फूट उंच आहे. या मूर्ती फोडण्याचा हुकूम आपण दिला, असे बाबराने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. चेहरे विद्रूप झाले. पुढे जैन समाजाने त्यांतील कित्येक चुन्याच्या गिलाव्याने पुन्हा घडविले. "पाहा," आम्ही म्हणालो, "यांनी पाण्यात सोडले नाही. जोडून घेतले. आपणही कोपर जोडून घेऊ."

मातोश्री बराच वेळ वर पाहत राहिल्या. "डोंगर कुठे उचलून नेणार?" त्या म्हणाल्या. "त्यांनी केलं ते योग्यच केलं. आपला देव एवढासा आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी मला त्याच्यापुढे नमस्कार करायला लावला तेव्हा तो धडधाकट होता. त्याला तसाच आठवू दे."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. विसर्जनाची जागा तेवढी आम्ही सुचविली आणि ती त्यांना आवडली. ज्येष्ठातल्या एका सकाळी आम्ही, आमच्या सौ. आणि मातोश्री झाशीच्या रस्त्याने डबऱ्यास आणि तेथून पवायास गेलो. सिंध आणि पार्वती यांच्या संगमाजवळचे हे गाव म्हणजेच नागराजांची प्राचीन पद्मावती. गर्दे यांनी येथे उत्खनन केले. विटांचे थोरले चौथरे अजून दिसतात. माणिभद्र याच भूमीतला. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'ची नगरीही हीच, आणि त्यातला माधव विदर्भातून येथे शिकावयास आलेला. दक्षिणेतून या प्रदेशात येऊन राहणारे आपण काही पहिलेच नव्हे, हा विचार त्या काठावर मनाला मोठा आधार देऊन गेला.

नदीत उतरण्यापूर्वी खण सोडला. येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. कोपराचा तुकडा आम्ही आदल्या रात्रीच काढून आपल्या खिशात ठेवला होता. निदान तेवढी तरी खूण घरात राहावी म्हणून. मातोश्रींनी खणात पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि नुसता हात पुढे केला. आम्ही तुकडा त्या हातावर ठेवला. दोन्ही एकत्र बांधून त्यांनी ते आमच्या ओंजळीत दिले, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन आम्ही ते सोडले.

आषाढी एकादशीस नव्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली. या खेपेस पंढरपुराहून पितळेची मूर्ती आणविली. आमचे चिरंजीव बंगळुरूस नोकरीत असतात; ते त्या दिवसापुरते आले होते. आम्ही सवयीने पाटावर बसू लागलो तो मातोश्रींनी आम्हांस बाजूस केले आणि नातवाला बसविले. त्याने आयुष्यात कधी देवाला स्नान घातले नव्हते. दुधापाण्याने निसरडी झालेली मूर्ती त्याच्या हातात डळमळू लागताच त्यांनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या हाताखाली धरला आणि म्हणाल्या, "घट्ट धर. घाई करू नकोस."