घरी काडतुसं भरायची का?

भात पोटरीत आलं की डुकरांचे फोन सुरू होतात. यंदा एका तरुण शेतकऱ्याने वेगळंच विचारलं. काडतुसं महाग झाली, रिकाम्या पुंगळ्या घरात पडून आहेत, व्हिडिओत लोक घरी भरताना दिसतात, आपण भरली तर?

भरू नका. पहिलं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. पीक संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगायचा, कारखाना काढायचा नाही. पकडलं तर बंदूक जाते आणि कोर्टाच्या फेऱ्या वेगळ्या.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. तिकडे रायफलची काडतुसं घरी भरणं हा जुना छंद आहे, पण त्यांची शिस्त बघा. कोणत्या गोळीला कोणती दारू, किती, याचं छापील पुस्तक समोर उघडं. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मं! टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, कारण दोन जातींची दारू दिसायला सारखी आणि जळायला वेगळी असू शकते. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक फुटते. अजिबात पडली नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि वरून दुसरी झाडली की नळी फाटते. म्हणून भरलेल्या पुंगळ्या ओळीने लावून, बॅटरी मारून प्रत्येकीत डोकावतात. आपल्याकडे ना ते पुस्तक, ना तो काटा.

आता ठासणीच्या बंदुकीचं. इकडे कोकणात अजून पुष्कळ घरांत आहे आणि ती भरावी हातानेच लागते. तिला काळी दारूच, परवान्यावरच्या दुकानातली. काडतूस फोडून आतली दारू ठासणीत घालणारे महाभाग मी पाहिलेत. ती बिनधुराची दारू, तिचा दाब फार जास्त. जुनी नळी तो सोसत नाही. आमच्या पलीकडच्या वाडीत एकाची दोन बोटं अशीच गेली. डावा हात, नांगराचा. त्या साली त्याच्या शेताची नांगरणी भावकीने केली.

बाकी माझी पद्धत सांगतो. रिकाम्या नळीत गज घालून बाहेर उरतो तिथे खूण केलेली आहे. गज खुणेपर्यंत गेला नाही तर आत काहीतरी आहे असं समजायचं. "काल रिकामी केलीय" या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, मापाने घेऊन ओतायची. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिलेली असू शकते आणि मग डबाच हातात फुटतो. टोपी सगळ्यात शेवटी, शेतात उभं राहून, नळी माणसांपासून लांब धरून. बार झाला नाही तर तोंड शेताच्या रिकाम्या बाजूला ठेवून मिनिटभर थांबायचं. लगेच नळीत डोकावणारा माणूस मला अजून कळलेला नाही. आणि विडी वगैरे घरी!

काळ्या दारूची काजळी ओल धरते, नळी आतून खाते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुवून, पूर्ण सुकवून तेल लावा. पावसाळ्यात दारूचा डबा चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची जुनी सवय कुठे कुठे आहे, ती आजच सोडा. घट्ट झाकणाचा डबा, कुलूपबंद जागा, टोप्या दुसरीकडे.

आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. आधी नुकसानीचा अर्ज, फोटो, पंचनामा. मी स्वतः बहुतेक वेळा हवेत बारच काढतो, तोही वाटेवर कोणी नाही ना बघून. दोन-चार रात्री डुकरं येत नाहीत, मग परत येतात. त्यामुळे खालच्या दोन कुणग्यांना यंदा सौरकुंपण केलंय. तार जमिनीपासून किती उंच ठेवली आणि गवत लागून करंट कसा उतरतो, ते कापणी झाली की फोटोसकट टाकतो.