गंधाचा माग

तापानंतर वास येईनासा झाला. हिंगाची फोडणी नुसती चुरचुरताना ऐकू यायची. आठवड्यांनी कॉफी परतली, मोगरा अजून नाही.

या मुक्या काळात जनुकशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी सारखे आठवले. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे, मूळ गोव्याच्या घराण्यातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज कुलाब्याच्या त्याच संस्थेत त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या. फळमाशीला गंध कळतो कसा, हे शोधायला दोघांनी गंधच न कळणाऱ्या माश्या हुडकल्या. सिद्दिकींनी नंतर बंगळुरूत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारलं. जमीन, निधी, परवानग्या लागल्याच असतील. मला मात्र त्या केंद्राच्या पायात ती गंध न कळणारी माशीच दिसते. उणिवेकडे इतक्या मायेने बघणं त्यांना कुठून सुचलं असेल?